सावरीच्या उशीतली गोळी

ट्रंकेतली काडतुसं गेली हे मला कळलं तो मंगळवार होता, आणि दगडोबा आमच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. यातली दुसरी गोष्ट जास्त वाईट. तो जरा आधी उठून गेला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

दगडोबाची ओळख त्याच्याच शब्दांत करून देतो, कारण माझ्या शब्दांत ती फार लहान होते.

"भिवा, गुन्हेगार तीन गोष्टींना भितो. पोलिसाच्या काठीला, आईच्या शापाला आन् माझ्या नजरंला. दौंडच्या कॅम्पात बावीस वर्सं काढलीत मी, बंदुकांच्या गराड्यात. मोठमोठे साहेब मला इचारल्याबिगर पुढं जात नव्हते."

यातली बावीस वर्षं खरी आहेत. बंदुकाही खऱ्या. दगडोबा तिथं मेसमध्ये आचारी होता आणि साहेब त्याला आज भाजी कसली ते विचारत. पण निवृत्त होऊन मांडवगणला आल्यापासून त्यानं स्वतःला गुप्तहेर ठरवलं होतं. गावात बंदुकीचा विषय निघाला की लोक त्याच्याकडं बघत आणि तो डोळे बारीक करी. डोळे बारीक केलेल्या माणसाला आपल्याकडं कोणी उलट विचारत नाही.

झालं असं. निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की लायसनवाल्यांना बंदूक आणि काडतुसं ठाण्यात नेऊन जमा करावी लागतात. माझी एकनळी बारा बोअर वडिलांपासूनची, भुईमुगात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. ती भिंतीवरून काढली, नळीला खोबरेल लावून पुसली आणि काडतुसांसाठी ट्रंक उघडली. गिता, माझी बायको, वैशाखात गेली. तेव्हापासून मी त्या ट्रंकेला हात लावला नव्हता. आत तिची लुगडी होती, एक गोधडी होती. काडतुसांचा पत्र्याचा डबा नव्हता.

एसटीडी बूथवर जाऊन शिरूरच्या ठाण्यात फोन केला. हवालदार म्हणाले, "आबा, काडतूस हरवलं म्हंजी चप्पल हरवली न्हाई. शनिवारपर्यंत आणा. न्हाई घावली तर चोरीची तक्रार द्या आन् संशय कुणावर हाय त्याचं नाव लिहून द्या. नाव लागंल."

मी घरी येऊन हे सांगितलं. दगडोबानं कप खाली ठेवला.

"केस घेतली," तो म्हणाला.

"मी दिली कुठं?"

"दिली न्हाईस, पण आली. चोर आत आला कसा?"

"दारातनं. दार उघडंच असतं."

"तसं म्हणू नगं. तसं म्हणलं की तपास खुंटतो."

त्यानं बंदूक मागितली. नळीला नाक लावून एक लांब श्वास घेतला. "चार दिवसांमागं झाडलीय. वासावरनं तारीख कळती मला."

"खोबरेल हाय ते. आत्ता लावलंय."

"मी खोबरेलाच्या खालचा वास घेतोय."

मग त्याला छताच्या पत्र्याला एक भोक दिसलं. तो खाटेवर चढला, भोकात करंगळी घालून बघितली आणि खाली उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छर्रा."

"खिळा. तो पत्रा आधी गोठ्यावर होता."

"भिवा, बारा बोअरचे छर्रे दाराएवढे फाकतात. नेमबी धरावा लागत न्हाई."

"मग भोक एकच कसं?"

दगडोबानं दाराकडं बघितलं. "बाकीचे छर्रे दारातनं भाईर गेले. दार उघडं असतं असं तूच म्हणालास."

छर्रे दाराएवढे फाकतात ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात ते फार तर टोपल्याएवढे फाकतात आणि टोपल्यात डुक्कर कधी नसतं. त्यात माझ्या बंदुकीची तऱ्हा वेगळी. घोडा दाबला की ती नुसतं 'टक्' म्हणायची. डुक्कर मान वर करून बघायचं. दुसरं काडतूस घातलं की पुन्हा टक्. तिसरं कधी उडालं तर उडालं, तोवर डुक्कर पोटभर खाऊन निघालेलं असायचं. पुण्याचा दुकानदार फसवतो असं मी म्हणायचो. गिता काही बोलायची नाही.

"पर झाडली कुणावर?" मी विचारलं. "मेलं कोण?"

"त्ये बघावं लागंल. गोळी लागली की माणूस धा फूट मागं उडतो. धा फुटांवर काय हाय?"

दहा फुटांवर म्हैस होती. ती रवंथ करत होती. दगडोबानं तिला सगळीकडून तपासलं, म्हशीनं त्याला शेपटी मारली, आणि म्हशीला तपासातून वगळण्यात आलं. माणूस दहा फूट उडत असता तर बंदूक धरणाराही तेवढाच मागं उडाला असता. माझा आजवर फक्त खांदा दुखलाय. पण हे मी बोललो नाही. चार महिने घरात कोणी एवढं बोललं नव्हतं. म्हटलं, बोलू दे.

तिथंच चुकलं. कारण पुढचा प्रश्न आला.

"आवाज कुणी ऐकला?"

"कुणीच न्हाई."

"मंग उशी. नळीला उशी लावून झाडली की टाळीएवढाबी आवाज होत न्हाई. घरात उशा किती?"

"एक."

"आधी किती हुत्या?"

"दोन. गिताची ज्ञानूनं नेली."

ज्ञानू म्हणजे गिताचा धाकटा भाऊ. यवतला एसटी स्टँडसमोर त्याची चहाची टपरी आहे. गिताचे दिवस झाल्यावर जाताना तो म्हणाला होता, दाजी, आक्काची उशी नेऊ का. मी म्हटलं, ने.

दगडोबानं डोळे इतके बारीक केले की ते बंदच झाले. "चोर घावला."

"अरं, उशी लावून बारा बोअर झाडली तर पलीकडच्या वस्तीवर आवाज जाईल. वर उशी पेट घेईल. आन् बंदूक तर भिंतीवर हुती."

"वापरून परत लावली. सराईत हाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "भिवा, शनिवारी कुणाचं तरी नाव लागणार हाय. दुसरं कोण येतं तुझ्या घरात?"

गिता गेल्यावर तिच्या माहेरचा एकच माणूस माझ्याकडं येत होता. त्याचंच नाव कागदावर आलं तर तेही दार बंद. मी म्हटलं, आधी जाऊन बघू.

शुक्रवारी दोन एसट्या बदलून यवतला गेलो. ओळखू येऊ नये म्हणून दगडोबानं मफलर गुंडाळला होता. स्टँडवर उतरताच तिघांनी त्याला विचारलं, "दगडोबा, एवढ्या उकाड्यात मफलर?"

ज्ञानूनं मला लांबूनच बघितलं. खांद्यावरच्या पंच्यानं बाकडं पुसलं. "या दाजी. बसा. तुमाला साखर कमी."

"उशी कुठंय?" दगडोबा म्हणाला.

"कंची उशी?"

"हेच अपेक्षित हुतं," दगडोबा माझ्या कानात म्हणाला, पण त्याच्या कानातल्या बोलण्याला बाकड्यावरच्या चार ड्रायव्हरांनी माना वळवल्या.

ज्ञानू टपरीमागच्या खोलीतून उशी घेऊन आला. तिच्यावर नवा अभ्रा होता. दगडोबानं वास घेतला, दाबली, कानाशी धरून हलवली. भोक काही सापडेना. "आत हाय," तो म्हणाला. "सावरीत गोळी मऊ पडती. भाईर येत न्हाई." आणि काही कळायच्या आत त्यानं अभ्रा काढून शिवणीत बोट घातलं.

सावरीचा कापूस कसा असतो ते ज्यानं उशी उसवली त्यालाच माहीत. टपरीत धुकं पडलं. दुधात सावरी, पावात सावरी, एका ड्रायव्हरच्या मिशीत सावरी. तो शिंकला की नवी उठायची. त्या धुक्यातून दगडोबाचा आवाज आला, "कुणी हलू नका. गोळी खाली पडली तर फुटंल."

"दाजी," ज्ञानू म्हणाला, "ह्यो काय म्हनतोय?"

"भिवाची काडतुसं चोरीला गेलीत," दगडोबाच बोलला, "आन् उशी तुझ्याकडं हाय. आता तूच जुळव."

ज्ञानू त्याच्याकडं बघतच नव्हता. "दाजी, तुमालाबी तसंच वाटतंय व्हय?"

मी कपात बघितलं. कपात सावरी होती.

ज्ञानू खाली बसला आणि मुठी भरभरून सावरी गोळा करून उशीत परत घालू लागला. "आक्कानं शिवलीया ही," तो म्हणाला. "तुमाला इचारून नेली मी."

"व्हय," मी म्हटलं.

एरवी तो मला एसटीत बसवून, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहतो. त्या दिवशी आला नाही.

परत येताना दगडोबा खुशीत होता. "नजर चुकवत हुता. उद्या शनिवार. नाव लिवून टाक." घरी आल्यावर ओट्याच्या कोपऱ्यातल्या रांजणाला पाठ टेकून तो बसला, त्यातलं चार तांबे पाणी प्याला आणि कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मी 'तक्रार अर्ज' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना.

माझी मुलगी हर्षदा वरवंडला दिलीय. ती दुपारच्या गाडीनं आली होती. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दगडोबानं तिला सगळी केस सांगितली, पत्र्याच्या भोकापासून. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हंजी तुम्ही ज्ञानूमामाची उशी उसवली?"

"तपासासाठी."

"आन् काडतुसं शोधताय?"

"व्हय."

"मग दगडोबामामा, जरा उठा तिथनं."

तो उठला. तिनं रांजण एका अंगावर कलता केला, खालच्या ओल्या वाळूत हात घातला आणि गंजलेला पत्र्याचा डबा बाहेर काढला.

"आई दर उन्हाळ्याला हितंच ठेवायची," ती म्हणाली. "तुम्ही झोपल्यावर. पत्र्याखाली ट्रंक तापली की काडतुसं आपोआप फुटतील आन् आबा तिथंच झोपतात, असं म्हणायची. मृगाच्या आधी परत नेऊन ठेवायची."

"असं तिला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

हर्षदानं दगडोबाकडं बघितलं. "ह्यांनीच. मी शाळंत हुते. कॅम्पात उन्हाळ्यात काडतुसं लाह्यांसारखी फुटतात, म्हणून थंड वाळूत पुरत्यात, असं म्हणाले हुते. ह्याच ओट्यावर. चहा पिताना."

दगडोबानं घसा साफ केला. तेवढ्यात डबा उघडताना एक काडतूस निसटून फरशीवर पडलं. दगडोबा गव्हाणीत होता. कसा गेला ते कुणी बघितलं नाही. काडतूस गडगडत म्हशीपर्यंत गेलं. म्हशीनं ते हुंगलं आणि सोडून दिलं.

काडतूस उन्हाळ्याच्या उन्हानं फुटत नाही, पडूनही सहसा फुटत नाही. पण ओलीनं मरतं. आमची काडतुसं जुन्या पुठ्ठ्याची. भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती. बंदूक इतकी वर्षं टक् का म्हणायची ते मला तेव्हा कळलं. पुण्याच्या दुकानदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली. यंदा ती परत ट्रंकेत ठेवायला गिता नव्हती, आणि चार महिने मी रोज सकाळी त्याच रांजणात हंडे ओतत होतो, निम्मं पाणी वाळूत सांडत.

तिनं मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी हसलो असतो, हे तिला माहीत होतं.

"मी म्हणालोच हुतो," दगडोबा गव्हाणीतून बाहेर येत म्हणाला. त्याच्या डोक्यात कडबा होता. "घरातलंच माणूस."

शनिवारी बंदूक आणि डबा शिरूरला नेला. हवालदारांनी एक काडतूस बोटांनी दाबून बघितलं. ते आत गेलं. "आबा, ही जमा करून घेऊ का वाळत घालू?" पण जमा करून घेतली. कुणाचं नाव द्यावं लागलं नाही. गावात दगडोबा सांगतो की केस त्यानं सोडवली, फक्त पुरावा एका बाईनं हातात आणून दिला.

निवडणूक होऊन गेली. बंदूक परत आणून भिंतीवर लावली. नवी काडतुसं घेतली नाहीत, डुकरांनी भुईमूग खाल्ला. हर्षदा ज्ञानूला भेटून आली. ती म्हणाली, त्यांनी तुमचं काही विचारलं नाही.

मी अजून यवतला गेलेलो नाही.