बेचाळीस मेंढ्यांची आदर्श घट

कारा-बेलच्या कुरणाला सोसतील अशा मेंढ्यांचा आकडा तीस होता आणि प्रत्यक्षात तिथे बेचाळीस चरत होत्या. म्हणजे बारा मेंढ्या नियमबाह्य पोट भरत होत्या. ही गंभीर बाब जिल्हा चराई समितीच्या ध्यानात आली, तेव्हा डोंगरावरचा बर्फ नुकता उतरला होता.

या बेचाळीस मेंढ्यांचा धनी सगिनअली. वय सदुसष्ट, दाढी पांढरी, म्हणून सगळे त्याला मानाने अक्सकाल म्हणत. त्याच्या घरची रीत आजोबांपासूनची. एका वर्षी अलीकडचा उतार आधी चारायचा आणि पलीकडच्या उतारावर गवताचं बी गळून पडेपर्यंत एकाही जनावराचं तोंड लागू द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी उलट. आर्चाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, कारण ते मनगटाएवढं व्हायला माणसाचा जन्म जातो. चुलीला मेंढ्यांच्याच लेंड्यांच्या गोवऱ्या. त्यामुळे कुरण हिरवं होतं आणि जंगल उभं होतं. पण ही रीत कुठल्याही कागदावर नव्हती, आणि जे कागदावर नाही त्याला शाश्वत म्हणण्याची सोय समितीकडे नव्हती.

चराई अधिकारी असनकुल दोन सहकाऱ्यांना घेऊन जीपने वर आला.

"अक्सकाल, शरदापर्यंत आकडा खाली आला पाहिजे. नाहीतर पुढल्या वर्षी कुरणाचा परवाना मिळणार नाही."

"भाऊ, हा डोंगर माझ्या बापापासून चाळीस-बेचाळीस पोसतोय."

"वडिलांनी गवताची शास्त्रीय मोजणी केली होती का?"

"मेंढ्या जगत होत्या. त्यावरून अंदाज यायचा त्यांना."

"अंदाज," असनकुल म्हणाला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

एवढं झाल्यावर सगिनअली उठला आणि त्याने एक मेंढी कापली. पाहुणा दारात आला की मेंढी पडते आणि तिचं डोकं सगळ्यांत मानाच्या माणसापुढे जातं. इथे याला इलाज नाही. आपल्या सात पूर्वजांची नावं ज्याला पाठ आहेत तो पाहुण्याला रिकाम्या पोटी धाडत नाही. असनकुलने डोक्याचा मान घेतला, हात पुसले, आणि कार्यालयात जाऊन अहवाल लिहिला: पहिल्याच भेटीत जनावरांची संख्या बेचाळीसवरून एक्केचाळीसवर. उपाययोजना परिणामकारक. भेटी वाढवाव्यात.

भेटी वाढल्या. सबंध प्रांतात मेंढ्यांचा आकडा खाली येत असलेलं एकमेव कुरण कारा-बेल होतं, तेव्हा ते कसं घडतं हे पाहायला राजधानीतून तज्ज्ञ आले. शेजारच्या जिल्ह्यांच्या समित्या अभ्यासदौऱ्यावर आल्या. एकदा दोन तुकड्या एकाच दिवशी उगवल्या. दोन्हींचे प्रमुख एकाच वयाचे आणि एकाच हुद्द्याचे निघाले. मेंढीला डोकं एकच असतं, म्हणून दोन मेंढ्या पडल्या. त्या दिवसाची नोंद अहवालात 'विशेष गतिमान घट' अशी आहे.

"अहो, नुसता चहा पाजा की एकदा," सगिनअलीची बायको बुरुल म्हणाली. "चहा आणि बोर्सोक. मी ढीगभर तळून देते. तळलेल्या पिठाला कोण नाही म्हणतंय?"

त्याने तेही करून पाहिलं. पाहुण्यांनी बोर्सोक खाल्ले, चहा प्यायला, हवेचं कौतुक केलं, पुन्हा चहा प्यायला. उठायचं नाव कुणी घेईना. शेवटी असनकुलने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अक्सकाल, तब्येत बरी आहे ना? घरात काही दुःखद झालंय का?" सगिनअलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सुरी घेऊन बाहेर गेला.

उन्हाळा निम्मा सरला तेव्हा आकडा तीसवर आला. सगिनअलीने सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं ना आता तुमच्या मनासारखं?"

"उत्तम झालं," असनकुल म्हणाला. "आता हे यश टिकतंय का, याची दर आठवड्याला पाहणी होईल."

मेंढ्या कमी झाल्या तशा गोवऱ्या कमी झाल्या. पाहुणे मात्र वाढले होते आणि कढई थंड ठेवून चालत नव्हतं. सगिनअलीने जन्मात पहिल्यांदा आर्चाला कुऱ्हाड लावली. लावली, आणि मग त्या बुंध्याशी बसून पोरासारखा रडला. अशी एकूण अकरा झाडं गेली. वनखात्याची माणसं त्या अकरा बुंध्यांचा पंचनामा करायला आली आणि बाराव्यावर शिजलेलं मटण जेवून गेली. इंधनाचा वापर चिंताजनक असल्याचं त्यांनी नोंदवलं. बी गळेपर्यंत राखलेल्या पलीकडच्या उताराला जनावराचं तोंड लागलंच नाही. तिथे जीपगाड्या उभ्या राहत.

मग सगिनअलीने लेखी अर्ज केला की कृपा करून पाहणी थांबवावी. अर्जाची तत्काळ दखल घेण्यात आली. चौकशीला चार माणसं आली. त्यांनी पोटभर जेवून असा निष्कर्ष काढला की कुरणावर मेंढ्यांपेक्षा पाहुण्यांचा भार जास्त आहे, आणि हा भार नेमका किती ते मोजण्यासाठी एक वेगळी समिती पाठवावी. ती सहा जणांची होती.

"तुमच्या या पाहुण्यांच्या जागी लांडगा असता तर बरं झालं असतं," बुरुल नवऱ्याला म्हणाली. "लांडगा वर्षाला चार नेतो. आणि नेल्यावर बसून भाषण तरी करत नाही."

"अगं, दारात आलेल्याला काय सांगू?"

"सांगा, मालक वारला. मी रडायचं काम करते. सराव झालाय मला."

शरदात फक्त एक मेंढी उरली, कानाला चीर असलेली म्हातारी. खाली गावात जायचे दिवस आले. कळप घेऊन उतरतो तो मेंढपाळ; नुसता उतरतो त्याला काय म्हणतात हे सगिनअलीला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या सात पूर्वजांपैकी कुणी तसा उतरला नव्हता. हिवाळ्यात दूध नाही, लोकर नाही, वसंतात कोकरू नाही. तो त्या म्हातारीला रोज हाताने चारत होता आणि रोज खालच्या वाटेकडे पाहत होता.

वाटेवर धूळ दिसली. परवाना तपासणी. ती म्हातारी गेली, आणि जेवण झाल्यावर असनकुलने खेदाने सांगितलं, "अक्सकाल, कुरणाचा परवाना जनावरं असणाऱ्यालाच देता येतो. तुमच्याकडे एकही नाही. नियम आहे, माझा नाइलाज आहे."

पंधरा दिवसांनी आनंदाची बातमी आली. शून्य चराई साधल्याबद्दल सगिनअलीला प्रांताचा 'आदर्श मेंढपाळ' हा सन्मान जाहीर झाला आणि मानपत्र द्यायला चौदा जण वर येत होते. सगिनअली शेजारच्या कुरणावरच्या जोओमार्तकडे गेला आणि त्याने खाली मान घालून एक मेंढी उसनी मागितली. जोओमार्तने दिली. पाहुण्यासाठी मागितलेली मेंढी कोण नाकारतो?

मानपत्र वाचून झालं. टाळ्या झाल्या. असनकुलने डोकं पुढ्यात ओढलं आणि त्याचा हात थांबला.

"या कानावरची खूण तुमची नाही, अक्सकाल. कुणाची मेंढी ही?"

"जोओमार्तची."

"त्याच्याकडे किती आहेत?"

"पन्नास असतील."

असनकुलने हात पुसले आणि वही उघडली.

आता जोओमार्तकडे पाहणी सुरू आहे. सगिनअली त्याच्याकडे गडी म्हणून राहिलाय. मेंढी कापण्यात त्याचा हात धरणारा त्या डोंगरावर कुणी नाही. आणि वाचकहो, हे सगळं ऐकून तुम्हाला फार वाईट वाटलं असेल, परिस्थिती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी असंही मनात आलं असेल. जरूर या. फक्त किती जण येताय आणि तुमच्यात वयाने मोठं कोण, ते आधी कळवा. जोओमार्तकडे अजून एकोणतीस आहेत.