आकडा बाहेर, सुपारी आत

श्रीवर्धनच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या वाडीतून खणखणीत आवाज आला, "पंचवीस! एक पैसा कमी होणार नाही!" कुणाचा तरी सौदा फिसकटतोय असं वाटून मी कुंपणाशी गेलो. पाहतो तर पन्नाशी उलटलेला एक उघडाबंब माणूस सुपारीच्या झाडापुढे छाती काढून उभा. त्या झाडाला पंचवीस सांगून झाल्यावर तो पुढच्या झाडाकडे सरकला आणि त्याला तीस सांगितले.

हे दामूअण्णा. कोळ्यांच्या होड्यांवर नावं आणि चित्रं रंगवायचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत, तेव्हा नारळाच्या झापांच्या आडोशाला बसून अण्णा काम करत. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या की त्यांचे मोर आणि मासे लांबून ओळखू येत.

"तालीम चाललीय," त्यांनी मला सांगितलं. "नटाला लागते, मग आम्हांला नको? आकडा तोंडाच्या सरावाचा नसला तर गिऱ्हाइकापुढे घशात अडकतो, मास्तर."

दुसऱ्यांच्या आकड्यांचीही त्यांना फार काळजी. लग्नात सनई वाजवून परतणाऱ्या गुरवाला ते भर रस्त्यात अडवत. किती मिळाले, हे विचारत नसत. "किती सांगितलेस?" हा प्रश्न. गुरव "देतील ते" म्हणाला की अण्णा कपाळाला हात लावत. "अरे, ते कमीच देणार! सांगायचं तू!"

अण्णा घरात एकटे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. पुतण्या मुंबईत दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि "काका, इकडे या" म्हणून सारखी पत्रं लिहायचा. यंदा अण्णांनी त्याला कळवून टाकलं होतं की या हंगामात होड्यांचा पुरा भाव आला नाही, तर घराला कुलूप लावून येतो. ते ऐकून मी निर्धास्त होतो. भाव सांगण्यात या माणसाचा हात कोण धरणार? त्यांची गिऱ्हाइकं यायची तेव्हा मी शाळेत असे, त्यामुळे प्रत्यक्ष काही पाहिलं नव्हतं.

मी स्वतः गावोगावच्या हौशी नाटकांचे पडदे रंगवायचो. राजवाडा वीस रुपये, अरण्य पंधरा. अरण्यात झाडं मोजावी तेवढी थोडी, म्हणजे काम जास्त आणि भाव कमी, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. अण्णांनी मला तालमीला घेतलं, त्या पहिल्याच दिवशी आलं.

"आकडा सांगितल्यावर तुम्ही बोलत सुटता, तिथे मरता," ते म्हणाले. "आकडा बाहेर, सुपारी आत! सुपारीचं खांड तोंडात धरायचं आणि ते संपेपर्यंत गप्प. मध्ये जो बोलेल तो हरला."

श्रावणातल्या एका रविवारी माणगावचे एक किराणा व्यापारी त्यांच्या नाटकमंडळासाठी राजवाडा ठरवायला माझ्या खोलीवर आले. आदल्या दिवशी अण्णांनी मला अकरा झाडांपुढे उभं केलं होतं. मी डोळे मिटून म्हणालो, "पाऊणशे," आणि सुपारी तोंडात टाकली.

"मास्तर, जरा जास्तच होतंय," व्यापारी म्हणाले.

उत्तर द्यायची सोयच नव्हती. सुपारी मला लागली होती. घसा आवळला, कानशिलं तापली, घामाच्या धारा सुरू झाल्या. मान हलवली की खोली फिरत होती, म्हणून मी व्यापाऱ्यांकडे टक लावून बघत राहिलो.

"रागावू नका हो. साठ?"

मी कपाळ पुसलं.

"बरं, सत्तर."

मी भिंत धरली.

"पाऊणशे! आणि कापड माझं!" असं म्हणून ते घाईघाईने उठले.

मी तसाच झोकांड्या खात अण्णांच्या ओटीवर गेलो. "पाऊणशे" एवढंच कसंबसं बाहेर पडलं. अण्णांनी मला मिठीच मारली, मग कुंपणावरून साऱ्या आळीला ओरडून सांगितलं, "आमच्या मास्तरांनी पाऊणशे सांगितले हो! आणि घेतले!" स्वतःला मिळाले असते तरी एवढा आनंद त्यांना झाला नसता. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "लागली वाटतं. आत जा, मीठ चाटा, गार पाणी प्या."

स्वयंपाकघरात दाराआड एक पाट मांडलेला होता. शेजारी अडकित्ता आणि कातरलेल्या सुपारीची वाटी. एकट्या माणसाच्या घरात दाराआड पाट कशाला, असं मनात आलं खरं. एवढ्यात ओटीवर लक्ष्मण तांडेल येऊन बसला. त्याची होडी रंगवायची होती.

"अण्णा, नाव आन् दोन मोर. काय घेशील?"

"पंचवीस," अण्णा म्हणाले. आवाज वाडीतला नव्हता. दाराच्या फटीतून मी पाहिलं, त्यांनी खांड तोंडात टाकलं.

लक्ष्मण नुसता खाली बघत बसला. मी मनात दहा मोजायच्या आत अण्णांनी सुपारी थुंकली. "बरं, राहू दे. दहा दे. तेही जमेल तेव्हा."

लक्ष्मणलाच हसू आलं. "वैनी होती तवा आतून आकडा यायचा, न्हाय रं अण्णा? आदी तुज्या तोंडात सुपारी कोंबायची, मंग बोलायची. आमची काय बिशाद!"

"व्हय रे," अण्णा म्हणाले. "मी मध्ये बोलायचो ना. म्हणून कोंबायची."

असे दहादहाचे मोर रंगवून अण्णा मुंबईला जाणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मला ते नको होतं. मी त्या पाटावर बसलो आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "पंचवीस! एक पैसा कमी होणार नाही!" घसा अजून आवळलेलाच होता. आवाज बारीक आणि चिरका निघाला.

अण्णांनी दाराकडे पाहिलं. मग कनवटीचं दुसरं खांड काढून तोंडात टाकलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे भरून आले होते, पण तोंड उघडलं नाही.

लक्ष्मणने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. "पंचवीस तर पंचवीस," तो हलकेच म्हणाला. "सकाळी ये किनाऱ्यावर." आणि डोक्यावरची टोपी नीट करून निघून गेला.

बराच वेळ अण्णा आत आले नाहीत. आले तेव्हा पाटाकडे बघत उभे राहिले. मी उठायला लागलो तर हातानेच बसवलं.

"रोज पुसतो तो पाट," ते म्हणाले. "उचलवत नाही."

मग धोतराच्या सोग्याने नाक पुसून त्यांनी एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "उद्या आणखी दोघे यायचेत. शाळा किती वाजता सुटते तुमची?"

"पाचला."

"मग त्यांना सव्वापाचला बोलावतो," अण्णा म्हणाले.