गफूरमास्तरांचा बिनवायरचा कीबोर्ड

गफूरमास्तरांशी बोलायला बसलं की ते आपलं बोलणं टाइप करतात. समोर मशीन नसतंच. टेबल असेल तर टेबलावर, नाहीतर स्वतःच्या मांडीवर दहा बोटं चालू असतात. आपण थांबलो की अंगठा स्पेसबारवर पडतो. बोलणं पटलं नाही तर डावा हात हवेत जाऊन टाइपरायटरचा गाडा सर्रकन ढकलतो. म्हणजे विषय संपला, नवी ओळ. एका पंधरा ऑगस्टला आमच्या मुख्याध्यापकांनी लांबलचक भाषण केलं, तेव्हा पाहुण्यांच्या रांगेत बसलेल्या मास्तरांनी सात वेळा गाडा ढकलला. मी मोजत होते.

डोणगावात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथंच शिकले, आणि आता शिक्षिका झाल्यावर त्यांच्याच भिंतीला भिंत लागून राहते. बोटांकडे पाहणाऱ्याच्या हातांवर मास्तर रुमाल टाकायचे. "कागद पाह्य बेटा. बोटं काही पयून नाही जाऊन राह्यले."

पुढे टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला. मास्तरांनी एक लॅपटॉप घेतला आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले.

बोंडअळीच्या साली त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही असं सगळे धरून चालले होते, आणि त्या वर्षी बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. लोक पिशवीत किडकी बोंडं घेऊन यायचे. पंचनाम्यासाठी अर्ज हवा असायचा.

"मास्तर, लिहा, बियाणं खोटं निघालं," एकजण म्हणाला.

"खोटं नाही लिहायचं. खोटं म्हटलं की साहेब पुरावा मागते. प्रादुर्भाव लिहू."

"थे काय असते?"

"तुह्या पिशवीत हाय ना, थेच."

त्याच हंगामात जुबेदाचाचीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मास्तरांनी तिची खाट मागच्या खोलीतून उचलून पुढच्या खोलीत, आपल्या टेबलासमोर टाकली. लोकांचे अर्ज चालूच राहिले.

थोड्या दिवसांनी मास्तर मेहकरहून एक खोकं घेऊन माझ्याकडे आले. बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस.

"हे चालून नाही राह्यलं. लॅपटॉपात ब्लूटूथ हाय म्हणतेत, पण हे त्याले ओळखतच नाही."

मी खोक्यातून नखाएवढा एक तुकडा काढून दाखवला. "चाचा, हा कीबोर्ड ब्लूटूथचा नाहीच. हा फक्त या तुकड्याचं ऐकतो. तुकडा लॅपटॉपला लावावा लागतो."

"कुठी लावू? एका भोकात प्रिंटर हाय, दुसरं ढिल्लं झालं. आन् ब्लूटूथ आत असताना बाहेरून काऊन लावायचं?"

दुसऱ्या दिवशी ते खोकं बदलून आले. या वेळी खोक्यावर ब्लूटूथची खूण होती. माल खरा आहे ना, हे पाहायला मी तो माझ्या लॅपटॉपला जोडून दाखवला. कीबोर्डचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, स्क्रीनवर सहा आकडे आले, ते नव्या कीबोर्डवर मारले, एंटर. माऊसला तर आकडेही लागले नाहीत. मास्तरांची कळी खुलली. "उद्या शाळेतून आले की तुमच्याला जोडून देते," असं सांगून मी खोकं परत दिलं. लोकांचे अर्ज भराभर व्हावेत म्हणून ही हौस असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले. पोरांची यादी करायची होती, ती आधी संपवावी म्हणून लॅपटॉप उघडला. तिसरीच्या यादीत मध्येच एक अक्षर उमटलं. मग दुसरं. माझे हात मांडीवर होते. अक्षरं थांबत थांबत येत होती, कुणीतरी शोधून शोधून मारावीत तशी. चौदाव्या नावाखाली ओळ पूर्ण झाली:

"शर्टाची बटणे वरखाली लागली आहेत."

थोडा वेळ काही नाही. मग: "ऐकता का."

मी तशीच उठून शेजारी गेले. मास्तर आपल्या लॅपटॉपसमोर, कोऱ्या स्क्रीनकडे डोळे लावून बसले होते. शर्टाची बटणं खरंच एकेक घर चुकलेली होती. समोर खाटेवर उशीला टेकून चाची होती. तिच्या मांडीवर तो कीबोर्ड होता आणि तिचा डावा हात त्याच्यावर.

"दुपारपासून मारून राह्यली," मास्तर म्हणाले. "माह्याकडे काहीच येऊन नाही राह्यलं, बेटा."

कीबोर्डला माझ्या लॅपटॉपची ओळख लागली होती. तो भिंतीपलीकडून मलाच ऐकवत होता. मी घरी जाऊन माझ्याकडची जोडणी काढून टाकली, परत आले, मास्तरांच्या लॅपटॉपचं ब्लूटूथ चालू केलं. सहा आकडे आले. मास्तर सवयीने ते लॅपटॉपवरच मारायला निघाले. मी त्यांचा हात धरला आणि आकडे चाचीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने खाली न पाहता डाव्या हाताने ते मारले. लागलं.

पहिलं वाक्य पुन्हा बटणांचंच आलं. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि तिथंच बसून बटणं उघडून नीट लावली. घरात ते दोघं उर्दूत बोलत, पण टायपिंग चाची मराठीतच शिकली होती. क्लासमधल्या सगळ्यांचे कागद तीच तपासायची.

तेव्हापासून ती अर्जही तपासू लागली. मास्तर तिच्या बाजूला स्क्रीन वळवत, ती वाचून खाली काय चुकलं ते लिही. एकदा मी माझ्या मामाच्या शेताचा अर्ज घ्यायला गेले, तर मास्तरांनी स्पष्ट "बोंडआळी" लिहिलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातून चूक पाहिली नव्हती. वय झालं, असं मनात आलं. मी दाखवायला बोट पुढे केलं, तर त्यांनी ते हळूच खाली दाबलं.

"राहू दे," ते कानाशी म्हणाले. "रोज एक टाकतो. सगळंच बरोबर असलं त तुही चाची बोलीन कायच्यावर?"

मग त्यांनी स्क्रीन खाटेकडे वळवली आणि हाताची घडी घालून बसले. चाचीने वाचलं. मास्तरांकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने तिचं बोट हललं.

"आळी नाही, अळी. कालही हेच चुकवले होते. उद्या नवीन चुकवा."