अप्पांची झोप आणि भरलेला क्रॉसबो

अप्पाराव झोपले होते आणि काही झालं तरी त्यांना जाग येऊ द्यायची नव्हती. त्यांच्या छातीच्या हातभर वर, खिडकीकडून समोरच्या भिंतीकडे, लोखंडी टोकाचा एक बाण नेम धरून बसला होता. अप्पा आडवे होते तोवर ठीक होतं. पण त्यांची उठायची पद्धत म्हणजे डोळा उघडला की थेट ताठ बसायचं, आणि तसे बसले की त्यांचं डोकं बरोबर बाणासमोर येणार होतं. "उठू नका" असं सांगायचीही सोय नव्हती. अप्पा अशा वेळी आधी उठायचे आणि मग कारण विचारायचे.

हा उद्योग त्यांच्या चिरंजीवांचा होता. नागसेन सर भोकरदनच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टीत टेंभुर्णीच्या घरी बसून मोबाइलवर किल्ले जिंकायचे. गेम त्यांना आवडायचा, पण त्यातले क्रॉसबोवाले शिपाई बघितले की डोकं फिरायचं. हे शिपाई अंगणात पाणी शिंपडावं तसे बाण मारत सुटायचे. क्रॉसबो म्हणजे पोलादी पाट्याचं आडवं धनुष्य. तो पाटा हाताने वाकत नाही, चरखी फिरवून तार मागे ओढावी लागते, तेवढ्यात साधा तिरंदाज पाच-सहा बाण मारून मोकळा होतो. हे सगळं सरांनी खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर इतक्यांदा लिहिलं होतं की शेवटी हसनाबादच्या कल्याणने एका ओळीत विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कधी भरून पाह्यलाय का?"

तो प्रश्न सरांना लागला. त्यांनी भुजंग वेल्डरला गाठलं आणि जुन्या जीपचा पाटा, मोटारसायकलच्या क्लचची वायर, एक चरखी आणि एक खटका असा क्रॉसबो बनवून घेतला. रविवारी दुपारी जेवून अप्पा स्टँडवर गप्पा मारायला गेले. सरांनी तो क्रॉसबो त्यांच्या रिकाम्या खाटेमागच्या खिडकीच्या गजांना नटबोल्टने आवळला, समोरच्या भिंतीला गादी उभी केली, वेळ मोजायला मोबाइल लावला आणि चरखी फिरवली. शर्ट भिजला, हाताला फोड आले, आणि सरांना मनापासून आनंद झाला, कारण वेळ भरपूर लागत होता. वायर एकदाची खटक्याच्या आकड्यात बसली. चरखी सोडवली, बाण ठेवला, खटका दाबला. काहीच झालं नाही. अंगठ्याने दाबला, दोन्ही हातांनी दाबला. खटका ढिम्म.

भुजंगला फोन करायला सर अंगणाच्या कोपऱ्यात गेले, कारण रेंज तिथेच यायची. परत येऊन बघतात तर अप्पा स्टँडवरून लवकर येऊन आडवे झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खिडकीत काय लावलंय ते त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मोतीबिंदूवरून तर घरात वर्षभर भांडण चाललं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की अप्पा जेवण सोडायचे. शुक्रवारीच सर चिडून म्हणाले होते, "सरळ सांगून तुम्ही ऐकत न्हाई, आता मलाच काहीतरी करावं लागंल."

सर दारात थिजून उभे राहिले. तेवढ्यात त्यांची बायको संध्या स्वयंपाकघरातून डोकावली.

"हे काय लावलंय?"

"हळू बोल. भरलेलं हाय."

"मामांच्या अंगावर?"

"अप्पा मागून आले."

संध्याने बाणाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बाण काढून घ्या मंग."

सरांनी हात पुढे केला. पाट्यातून 'कट्ट' असा बारीक आवाज आला. सरांनी हात मागे घेतला आणि बोटं मोजल्यासारखी पाहिली. पाटा जीपचा होता. माणसांनी खचाखच भरलेली जीप ज्याने वर्षानुवर्षं पेलली, तो पाटा आता मागे ओढून बसला होता आणि तो कधी सुटेल हे सांगायला कुणी नव्हतं.

"खाट ओढू," संध्या म्हणाली. दोघांनी पायथ्याकडून धरली. खाटेच्या एका पायाखाली वीट होती. वीट सरकली, खाट करकरली, अप्पांनी "हं" केलं आणि दोघं जागच्या जागी दगड झाली. पाट्याने पुन्हा 'कट्ट' केलं.

"नको," सर घामाघूम होऊन म्हणाले. "आता बिलकुल हात लावायचा न्हाई. भुजंग येऊन राह्यला. त्यांनी डोळे उघडायच्या आत काम झालं पायजे."

संध्या आत गेली आणि भाकरीची मोठी परात घेऊन आली. ती तिने बाण आणि सासऱ्यांच्या मध्ये धरली.

"बराबर," सर कुजबुजले. "क्रॉसबोवाल्यांपुढं ढाल धरणारा माणूस वेगळाच अस्तो. गेममंदी दाखवतच न्हाईत."

संध्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की सर पुढे इतिहास बोलले नाहीत.

मग तिला कुकर आठवला. परात नवऱ्याच्या हातात कोंबून ती धावली, गॅसवरचा कुकर उचलला आणि मागच्या दाराने बाहेर काढला. शिट्टी झाली ती शेजारच्या मालनबाईंच्या तोंडावर. मालनबाईंचा आवाज स्टँडपर्यंत जायचा. त्या "काय गं" म्हणायला तोंड उघडतात तोच संध्याने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मालनबाई लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून त्यांना कुणी गप्प केल्याची ही पहिलीच वेळ. कारण समजल्यावर त्या पाय न वाजवता आत आल्या आणि बाण बघून मटकन खाली बसल्या.

"उठले मंजे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"उठले की संपलंच," सर म्हणाले.

मालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लई चांगला माणूस होता."

"अजून हायेत, काकू."

"तेच म्हन्ते मी."

तिघं परात धरून बसली. बाहेरून कांदेवाला ओरडत आला तेव्हा मालनबाई अनवाणी धावल्या आणि त्याला हात जोडून पुढच्या गल्लीत पाठवून आल्या. सरांना आता गेम नको होता, इतिहास नको होता, कल्याणला उत्तर नको होतं. खाटेवरची छाती वरखाली होत होती, ती तशीच होत राहावी एवढंच त्यांना हवं होतं. लहानपणी याच छातीवर डोकं ठेवून ते झोपायचे, हे त्यांना नेमकं आत्ता आठवलं.

भुजंग एकदाचा आला. क्रॉसबोला डोळा लावून त्याने खटका पाहिला आणि खुशीत मान डोलावली.

"सर, हे सुटणारच न्हाई. हा खटका हलून राह्यल्ता, ढिला वाटला. म्हून मी दोन्ही बाजूनं वेल्डिंग मारलं. एकदम पक्कं. हत्ती बांधा."

"खटका हलायला पायजे, भुजंग. त्याच्यासाठीच अस्तो तो."

"मंग तसं सांगायचं ना. मला वाटलं शाळंत शोसाठी ठेवायचंय."

"आन् ते कट्ट कट्ट कशाचं वाजून राह्यलं?"

"खिडकीचं. गज ढिले हायेत तुमचे. तेबी पक्के करू का?"

भुजंगने चरखी लावली, वायर थोडी ओढून आकड्यावरून उचलली आणि हळूहळू सैल सोडली. सरांनी बाण काढून खिशात घातला. संध्याने परात खाली ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"झालं का?" खाटेवरून आवाज आला. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. "उठू का मी?"

"अप्पा, जागे हायेत तुम्ही? कवापासून?"

"खाट ओढली तवापासून." अप्पा सावकाश उठून बसले. त्यांचा सदरा मुलाच्या शर्टापेक्षा जास्त भिजला होता. "डोळा किलकिला केला तं तोफेएवढं काहीतरी माझ्याकडं तोंड करून उभं, आन् पायथ्याशी तू. म्हन्तो, डोळे उघडायच्या आत काम झालं पायजे. मंग म्या डोळे उघडलेच न्हाईत. मनातल्या मनात तीनदा त्रिशरण म्हून झालं."

सर पुढे झाले. "अप्पा, तसं न्हाई, ते गेमचं..."

"राहू दे. तू शुक्रवारीच म्हन्ला व्हता काहीतरी करीन म्हून. मला वाटलं नुसतं बोलून राह्यला." अप्पांनी मुलाचा हात घट्ट धरला. "येतो मी ऑपरेशनला. कवा जायचं सांग. पन एवढ्यासाठी बापावर बाण रोखायचा अस्तो का, लेकरा?"

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. संध्याने त्यांच्या पायावर पाय दिला. "उद्याच जालन्याला जाऊ, मामा," ती म्हणाली, आणि हा विषय त्या घरात कायमचा मिटला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अप्पांनी सगळ्यात आधी माळ्यावरचा क्रॉसबो खाली काढायला लावला. तो मांडीवर घेऊन वरून खालून न्याहाळला आणि म्हणाले, "एवढुसाच व्हता व्हय?" त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

मग ते मुलाच्या शेजारी येऊन बसले. सरांच्या मोबाइलवर किल्ल्याला वेढा पडला होता आणि क्रॉसबोवाले नेहमीप्रमाणे बाणांचा सडा घालत होते. अप्पांना आता एकेक शिपाई स्पष्ट दिसत होता. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे काय दाखवून राह्यलेत?" शेवटी ते म्हणाले. "इतक्या जल्दी कुठं अस्तं? आपल्या वक्ती तं तुम्ही तिघं-चौघं व्हता, आख्खी दुपार गेली, तरी एक बाण सुटला न्हाई."

सरांनी गेम थांबवला, ग्रुप उघडला आणि कल्याणला उत्तर लिहायला घेतलं.