डाव्या कोपऱ्यातला दिवा

वीज गेली की आनंद होणारा अख्ख्या खान्देशात एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा चुलत सासरा आहे. धुळ्यात त्यांच्या कॉलनीतले लोक वायरमनला फोन करून विचारतात, "लाइट कधी येणार?" नाना विचारतात, "साक्रीकडची कधी जाणार?" एकदा लोडशेडिंग ऐनवेळी रद्द झालं, तेव्हा त्या वायरमनने आपणहून फोन करून नानांची माफी मागितली होती.

नाना म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे काका. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि इतर निवृत्त माणसं मधुमेहाला देतात तेवढा वेळ त्यांनी ताऱ्यांना दिला. साक्रीच्या पुढे त्यांचं गाव, गावामागे टेकडी. अमावास्येला टेकडीवर कॅमेऱ्याची तिपाई लावायची, वर आकाश आणि खाली गाव असा फोटो काढायचा, आणि धुळ्याला आणून तो संगणकावर सुधारत बसायचं. काकू होत्या तेव्हा दोघं मिळून गावी जात. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आता नाना एकटेच जातात.

सुधारणं हा शब्द मात्र त्यांना चालत नाही. ते सफाई म्हणतात.

"आभाय चोख शे, जावईबापू. खाले बठ्ठा कचरा शे."

आभाळ स्वच्छ, खाली सगळा कचरा, असं त्यांचं म्हणणं. कचरा म्हणजे विजेच्या तारा, मोबाइलचा टॉवर, डिशच्या छत्र्या, ट्रकचे दिवे. सगळ्यात मोठा कचरा म्हणजे पवनचक्क्या. साक्रीकडच्या डोंगरांवर त्यांची रांगच आहे आणि रात्री प्रत्येकीच्या डोक्यावर लाल दिवा लुकलुकतो. एवढी रांग उभी करायला कंपन्यांना किती वर्षं लागली कोण जाणे. नाना ती एका चहात आडवी करतात.

पण नवा तारा घालायचा नाही, हा कडक नियम. मी एकदा सहज म्हटलं, "नाना, या कोपऱ्यात तारे जरा कमी वाटतात." दुधात पाणी घालायला सांगावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नव्हतं ते घालायचं नाही. नको ते काढायचं. बस."

मला शिकवायचाही त्यांनी प्रयत्न केला. अंधारातल्या फोटोत रव्यासारखे दाणे येतात. ते घालवायला एकच फोटो पुन्हा पुन्हा काढायचा आणि तारे जुळवून सगळे एकावर एक ठेवायचे. दाणा दर फोटोत जागा बदलतो, तारा बदलत नाही. मी जाणकारासारखी मान हलवली. माझ्या फोनमधले चंद्राचे फोटो सुनंदा आजही इडलीचे समजते.

आमच्या मुलीच्या साखरपुड्याचा गच्चीवरचा फोटो मीच हौसेने त्यांच्याकडे सफाईला दिला होता. आकाश असं आलं की बघत राहावं. फक्त व्याही नव्हते.

सुनंदाने फोन लावला. "नाना, आमचे व्याही कुठे गेले?"

"त्यांच्या टकलावर हॅलोजन चमकत होता बेटा. शनी दिसेना."

"साखरपुड्यात शनी कोणाला हवाय, नाना!"

व्याही अजून त्या फोटोची आठवण काढतात. आम्ही अजून तो फ्रेमवाल्याकडेच आहे म्हणतो.

अशा माणसाला आयुष्यात हाव एकच. धुळ्यात दरवर्षी एका मंडळाचं छायाचित्र प्रदर्शन भरतं. आत शिरल्याबरोबर समोर मोठी भिंत. त्या भिंतीवर आपला फोटो लागावा. पण तिथे दरवर्षी कुणाचा तरी वाघ लागतो, नाहीतर कुणाची तरी सुरकुतलेली आजी.

यंदा मंडळाच्या सचिवांचा, देवरे सरांचा मला फोन आला. आम्ही एका वर्गात होतो. "तुझ्या सासऱ्यांचा फोटो मोठ्या भिंतीला घेतोय. एकच कर, खाली डाव्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा आहे, तेवढा काढायला सांग. नजर सारखी तिथेच जाते."

"झालंच समज," मी म्हणालो. ज्याने व्याही पुसला, त्याला दिव्याचं काय?

मी जळगावहून मुद्दाम धुळ्याला गेलो. भिंतीचं ऐकल्यावर नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. दिव्याचं ऐकल्यावर परत बसले.

"तो ऱ्हाऊ द्या."

"नाना, एका चहाचं काम आहे."

"चहा घ्या तुम्ही. दिवा ऱ्हाऊ द्या."

मग मी तोडगा काढला. नवाच फोटो काढू. तो दिवा ज्याचा असेल त्याला सांगू, बाबा, तासभर बंद ठेव. अमावास्येला नानांनी मला गाडी काढायला लावली.

गावी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. नानांनी घराचं कुलूप काढलं, ओटा झाडला आणि पिशवीतून एक चार्जिंगचा बल्ब काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. त्याला पिवळा कागद गुंडाळलेला. बटण दाबलं. मी टेकडीकडे पाहिलं, मग ओट्याकडे. वरून पाहिलं तर हा बरोबर डावा कोपरा.

"नाना, हा तुमचाच दिवा?"

"तिचा. तवा कंदील होता." ते कागद सारखा करत राहिले. "मी वर गेलो की ती कंदील घेऊन इथं बसायची. मी वरून ओरडायचो, विझव, फोटो बिघडतो! ती खालून ओरडायची, 'तारास्ना उजेडमा घर सापडस का तुमले?' गल्लीतल्या बाया हसायच्या."

"मग ते फोटो आहेत ना?"

"आहेत ना. बठ्ठे साफ केले. एकातही कंदील नाही."

"आणि मूळ?"

"मूळ कोण ठेवतं? जागा खातं." त्यांनी कागदाची कड दाबली. "चोख काम केलं मी."

मी नको ते बोलून गेलो. "नव्हतं ते घालायचं नाही, असं तुम्हीच म्हणता."

"फोटोत नाही घातला, जावईबापू. घरी लावला."

त्यांनी रिकाम्या घराला कुलूप लावलं. अर्धी टेकडी चढलो तेव्हा गावची वीज गेली. मी टाळी द्यायला हात पुढे केला. नानांचं लक्ष नव्हतं. ते खाली त्या दिव्याकडे बघत होते.

प्रदर्शनात मोठ्या भिंतीवर वाघ लागला. नानांचा नवा फोटो, दिव्यासकट, आतल्या बोळात वॉटर कूलरच्या वर लागला. पवनचक्की एकही नव्हती. नाना वरचं बटण लावून दिवसभर कूलरशेजारी उभे होते. लोक पाणी पीत आणि जात.

संध्याकाळी एक बाई पेला भरता भरता थांबल्या. फोटो जवळून पाहिला. "एवढ्या अंधारात कुणीतरी जागं दिसतंय हो."

"हां," नाना म्हणाले. "ती वाट देखी ऱ्हायनी."

मला तहान नव्हती. तरी मी पाणी प्यायलो.