पुस्तकात नाही, पण असणारच

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर शिर्केसाहेबांचा. तळोद्याच्या शाळेतून आलेल्या, घरातल्या पहिल्याच पदवीधराला बडोद्यात नोकरी दिली ती त्यांनी. "इंग्रजी बोलता येत नाही? येईल शांतिथी. बेस," म्हणजे सावकाश येईल, बस; एवढीच माझी मुलाखत.

हे साहेब ऑफिसातल्या एका मोकळ्या खुर्चीशी बोलत.

ऑफिस निजामपुऱ्यात, फरसाणाच्या दुकानावर. आम्ही वेबसाइट बनवायचो, त्याही घरच्याच फ्रेमवर्कवर, म्हणजे एका तयार सांगाड्यावर. सांगाड्याला नाव घेऊन काम सांगायचं, त्या नावाला मेथड म्हणतात. कुठल्या मेथड आहेत ते माहितीपुस्तकात असतं. आमचं पुस्तक मात्र अर्धंच होतं. फ्रेमवर्क लिहिणारे दिघे, साहेबांचे जिवलग मित्र, ते पुरं करण्याआधीच हार्टअटॅकने गेले होते. खुर्ची त्यांची.

काही अडलं की साहेब पुस्तक बाजूला सारून खुर्चीकडे वळत. "काय नाव ठेवलं असशील रे, दिघ्या?" मग कान देऊन ऐकल्यासारखे थांबत आणि टाइप करत: 'हळूच_ठेव'. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. आणि ते चालायचं!

"साहेब, हे पुस्तकात नाही."

"नसेल. पण असणारच!"

शेजारी बसणारे केतनभाई हात जोडत. "पाडवी, आमां भूत छे."

"भूत कसलं, केतनभाई?" साहेब म्हणत. "भूत वेळेवर तरी येतं. दिघ्या जन्मात कधी वेळेवर आला नाही."

पुढे मालकांनी परदेशी फ्रेमवर्क आणायचं ठरवलं. जुनं मशीन भंगारात जाणार होतं. त्याआधी जुन्या सगळ्या मेथडची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं.

मी म्हणालो, "साहेब, मूळ फाइल तर याच मशीनवर आहे. सगळी नावं तिच्यात असतील. तुम्ही कधी..."

"उघडली नाही." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "सगळी वाचून काढली, तर मग त्याला विचारायचं काय?"

मी फाइल वाचली. साहेबांनी नुसत्या अंदाजाने हाक मारलेली नावं तिच्यात एकेक सापडत गेली. फक्त एक सापडेना. त्याच सकाळी साहेबांनी 'जरा_थांब' लिहिलं होतं आणि वेबसाइटचं पान थांबलं होतं. मी बाकीच्या फाइलीही शोधल्या. कुठेच नाही. म्हणून स्वतः चालवून पाहिलं. भरदुपार होती, खाली शेव तळत होते. पान थांबलं. किंचितच, कुणीतरी मान वर करून आपल्याकडे पाहावं तेवढं. मग पुढे गेलं. खुर्ची माझ्या पाठीमागे होती. मी उठून केतनभाईंच्या बाजूला जाऊन बसलो. त्यांनी सरकून जागा दिली.

त्याच महिन्यात साहेब निवृत्त झाले. बडोद्यातच, हरणी भागातल्या घरात ते एकटेच. आठवड्याने मी त्यांना पत्र टाकलं:

"आदरणीय साहेब,

सा. न. वि. वि.

फाइल मी पूर्ण वाचली. तुम्ही अजून न विचारलेली नावं तिच्यात पुष्कळ आहेत. ती मी तुम्हाला सांगणार नाही. जुनं मशीन मालकांकडून मागून घेतलं आहे. केतनभाई रविवारी रिक्षातून आणतील. ते दारातच ठेवून पळायला बघतील, पण चहा पाजल्याशिवाय सोडू नका.

एक विनंती. घाई करू नका. दिवसाला एकच नाव विचारा, म्हणजे पुरतील.

आपला,
पाडवी"