मुंजाभाऊंचा गुरुवार

मुंजाभाऊ कुठल्याही देवळात गेले की आधी पायरी मोजतात आणि मग देवाला नमस्कार करतात. पायऱ्या किती आहेत ते तर मोजतातच, पण एकेक पायरी किती उंच आहे तेही. पहिल्या पायरीशी उकिडवं बसायचं, शर्टाच्या खिशातली सहा इंची स्टीलपट्टी काढून उभी धरायची. पायरी पट्टीच्या आत असली तर मान डोलवायची. पट्टीवरून वर गेली की देवाकडे बघून म्हणायचं, "नो-गो." मग चप्पल काढायची.

हा 'नो-गो' कंपनीतला. चाकणच्या आमच्या कंपनीत मुंजाभाऊ क्वालिटीला आहेत आणि मी स्टोअरला. जॉबमधलं, म्हणजे घडवलेल्या तुकड्यातलं, भोक बरोबर मापाचं आहे की नाही हे तपासायला त्यांच्याकडे दांडीसारखं एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, ते 'गो'. दुसरं टोक जाता कामा नये, ते 'नो-गो'. बावीस वर्षं ही दांडी हातात धरून मुंजाभाऊंनी अख्ख्या जगाची दोनच खाती पाडली आहेत. कँटीनचा उपमा नो-गो. भाचीला सांगून आलेला मुलगा गो, पण त्याचे काका नो-गो. एकदा नवीन मॅनेजरांनी तासभर भाषण केलं आणि शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाले. मुंजाभाऊंनी विचारलं, "साहेब, हे गो म्हणायचं का नो-गो?" साहेबांनी चहा मागवला.

नाव मुंजाजी. परभणीकडे मुंजोबाचा नवस फेडायला हे नाव ठेवतात. आमच्याकडच्या पोरांना मात्र मुंजा म्हटलं की पिंपळावरचा अविवाहित आत्मा आठवतो, आणि दर गुरुवारी हा माणूस एकटाच गावोगाव फिरताना दिसला की त्यांची खात्री पटते. प्रत्यक्षात मुंजाभाऊ चांगले संसारी आहेत. मोशीला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. सुमनवहिनी शाळेत पोरांना खिचडी शिजवून वाढतात.

आता गुरुवारचं सांगतो. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. जग रविवारी झोपा काढतं तेव्हा आम्ही पंचिंग करतो, आणि आमच्या गुरुवारी जग कामावर असतं. मुलं शाळेत, बायका कामाला, पाहुणे आपापल्या ऑफिसात. मला ही सोय फार आवडते, कारण घरात कुणी नसताना झोप जितकी लागते तितकी एरवी लागत नाही. प्रवास हा मी आजारातच धरतो. मुंजाभाऊंना मात्र गुरुवारी सकाळी सातला पायाला भिंगरी लागते. पाण्याची बाटली, दोन धपाटे, पट्टी, घड्याळ, आणि निघाले बसने. आळंदी झाली, देहू झालं, चाकणचा किल्ला तर चार वेळा झाला. त्या किल्ल्यावर त्यांचं फार प्रेम. "स्टोअरवाले, किल्ला असावा तर असा. चढायचं कामच नाई. रिक्षातून उतरलं की किल्ला."

वहिनींना हे फिरणं पसंत नव्हतं. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "आम्ही भांडी उपसायची अन् यांनी देश बघायचा. म्हातारपणी बघा ना कसे पाय फुटलेत."

एका गुरुवारी वरच्या मजल्यावर फरशी कापायचं काम निघालं. झोप शक्यच नव्हती, म्हणून मी नाइलाजाने मुंजाभाऊंबरोबर गेलो.

देहूरोडच्या पुढे एका लहानशा टेकडीवर देऊळ आहे. मुंजाभाऊ पायरीशी बसले, पट्टी काढली, आणि मागून आवाज आला, "क्या नाप रहे हो?" सुट्टीवरचा एक तरुण जवान उभा होता. लष्करी भागात जमिनीला पट्टी लावणारा माणूस दिसल्यावर कुणीही विचारेलच. मी मनातल्या मनात घरच्यांना फोन लावला. मुंजाभाऊ शांतपणे उठले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "वो क्या है ना साब, हमारे घर में घुटना है."

जवान माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे.

"घुटना?"

"हमारे मिसेस का. छे इंच के ऊपर नहीं चढता."

त्या जवानाचा चेहराच बदलला. त्याच्याही घरी, पंजाबात, घुटना होता. आईचा. दोघं पायरीवर बसले आणि मोहरीच्या तेलात लसूण किती घालायचा यावर पाऊण तास बोलले. निघताना जवानाने मुंजाभाऊंशी हात मिळवला आणि म्हणाला, "भाभीजी को नमस्ते कहना." देऊळ बघायचं राहूनच गेलं.

खाली उतरताना मी विचारलं तेव्हा मुंजाभाऊंनी सगळं सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी वहिनी शाळेतल्या बायकांबरोबर एका डोंगरावरच्या देवीला गेल्या होत्या. दोनशेएक पायऱ्या चढल्यावर गुडघा अडकला. वर जाता येईना, खाली येता येईना. शेवटी चार अनोळखी पोरांनी उचलून खाली आणलं. खाली आणलं तेव्हा बघ्यांची गर्दी जमली होती आणि दोघंतिघं मोबाइलवर शूटिंग करत होते. वहिनी घरी आल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "आता मला कुठं चल म्हणू नका." त्या दिवसापासून घर ते शाळा, शाळा ते घर. दुसऱ्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावर आले तेही त्यामुळेच.

"तिला फिरायची लई हौस होती हो," मुंजाभाऊ म्हणाले. "लग्न झाल्यावर म्हणायची, परभणीच्या बाहेर सगळं दाखवा. मी म्हणायचो, दाखवतो. मला गुरुवारी सुट्टी, तिला रविवारी. दिवाळी गावाकडं. राहिलंच. आता एक तरी जागा अशी पायजे, की तिथं ती जाईल, बसंल, अन् कुणी तिच्याकडं बघणार नाई. एकदा तशी गेली की मग येईल ती."

"मग हे वहिनींना माहीत नाही?"

"नाई. सांगायचं नाई. माझ्यापायी वणवण कशाला करू लागलात म्हणंल, अन् मग हेबी बंद."

आणि मग त्यांनी जागेच्या अटी सांगितल्या. पायरी सहा इंचाच्या आत. उजव्या हाताला धरायला कठडा, कारण गुडघा डावा. वीस पावलांवर टेकायला जागा. दुपारी सावली. आणि बायकांच्या बाथरूममध्ये खाली बसायचं नसलेलं, खुर्चीसारखं भांडं. ही शेवटची अट तपासणं पुरुषमाणसाला फार अवघड. एका बागेत ते बायकांच्या बाथरूमबाहेर हात जोडून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकीला अदबीने विचारायला लागले, "ताई, आत कमोड आहे का?" तिसऱ्या ताईंनी वॉचमनला बोलावलं. वॉचमनला घुटन्याची हकिकत सांगितल्यावर वॉचमन स्वतःच आत जाऊन बघून आला.

 दर गुरुवारी मी इतकी वर्षं घोरत होतो याची त्या दिवशी परतताना बसमध्ये पहिल्यांदाच लाज वाटली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी मुंजाभाऊ स्टोअरच्या खिडकीत आले. "सापडली," म्हणाले. मावळात एका लहान धरणाकाठी. पाण्यापर्यंत सपाट रस्ता, मग पाचच पायऱ्या, साडेपाच इंची. उजवीकडे कठडा. जांभळीखाली बाक. बाथरूम अव्वल. कोपऱ्यावर एका आजीची चहाची टपरी. "तीन गुरुवार जाऊन तपासलं. तिन्ही वेळा गो."

आता प्रश्न वहिनींचा. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती. ठरल्याप्रमाणे मी खाली जाऊन म्हणालो, वहिनी, नव्या गाडीला तुमचा पाय लागला पाहिजे, रविवारी जरा चक्कर मारू, गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. वहिनींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "उतरायचं नसलं तर येते," म्हणाल्या. मी आणि मुंजाभाऊंनी रविवारची रजा टाकली. क्वालिटी आणि स्टोअर एकाच रविवारी गैरहजर, म्हणून सुपरवायझरने विचारलं, "कोण गेलं काय राव?"

तर रविवार. तळेगावच्या पुढे गाडी वळली आणि उभी राहिली. पुढे गाड्या, मागे गाड्या. हिंजवडीचे सगळे लॅपटॉपवाले घरदार घेऊन त्याच रस्त्याला लागले होते. मुंजाभाऊ खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "अपघात दिसतो." तासाभराने कळलं की अपघात नव्हता. रविवार होता. बावीस वर्षं आम्ही दोघांनी सगळे रविवार कंपनीच्या भिंतीआड काढले होते. रविवारी बाहेर काय चालतं याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

धरणाशी पोचलो तर जत्रा. गाण्यांचे तीन डबे तीन तऱ्हेची गाणी वाजवत होते. जांभळीखालच्या बाकावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. कठड्याला ओळीने पोरं टेकून फोटो काढत होती. बाथरूमची रांग रस्त्यापर्यंत. पाचही पायऱ्यांवर माणसं बसलेली, त्यामुळे त्या साडेपाच इंची आहेत की दोन फुटी, काही कळायला मार्ग नव्हता.

मुंजाभाऊ गाडीतून उतरून उभे राहिले. आपण पास केलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठवला की क्वालिटीवाल्याचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. "मी तपासलं होतं," ते हळूच म्हणाले. "तीनदा तपासलं होतं."

"काय तपासलं होतं?" वहिनींनी गाडीतूनच विचारलं.

मी म्हटलं, चला, परत फिरू. गर्दीकडे बघून वहिनींनी पदर खांद्यावर ओढून घेतला होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक म्हातारी आली. डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची.

"ओ परभनीवाले, आज रईवारचं कसं काय?" आजींनी खुर्ची गाडीच्या दाराशी ठेवली आणि आत वाकून बघितलं. "ह्याच का त्या? या बाय, बसा. हाताची खुर्ची हाय. उठताना धराया हात लागत्यात म्हनं तुमाला. दोन हप्तं झालं, घरनं आनून ठिवलीया. म्या कुनाला बसू दिली न्हाई. गुडगा कसा हाय आता?"

वहिनी आजींकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे. "माझा गुडघा इथवर आला?"

मुंजाभाऊंनी खिशातली पट्टी काढली आणि परत ठेवली.

"अजून कुठं कुठं गेलाय?"

"देहू," मुंजाभाऊ म्हणाले. "आळंदीला घाटावर एक फुलवाले आहेत, त्यांच्याकडं. चाकणला रिक्षावाला शब्बीरभाई. अन्..."

"आणि मिलिटरीत," मी म्हणालो. लपवण्यात अर्थ नव्हता.

वहिनींनी दार उघडलं. कठड्याला टेकलेल्यांपैकी कुणीही वळून बघितलं नाही. मुंजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून त्या उतरल्या आणि खुर्चीत बसल्या. आजी चहा आणायला वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तीन बेस्तरवार एकलंच आले बघा. त्या जांभळीखाली बसायचे आन् घड्याळात बघत राह्यचे. सावली किती येळ राहती त्ये बघतोय म्हनायचे. म्या म्हनलं, येडं बिडं हाय का काय."

वहिनी बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. पाणी म्हणजे माणसांच्या मधून दिसत होतं तेवढंच. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

"बेस्तरवारी इथं किती माणसं असतात, आजी?" चहा आल्यावर त्यांनी विचारलं.

"कोन असतंय? म्या आन् ह्ये."

चहा पिऊन झाला. वहिनींनी कप आजींच्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "येत्या गुरुवारी मी रजा टाकते."

"शाळा असती ना गुरुवारी," मुंजाभाऊ गडबडून म्हणाले.

"असू द्या."

"खिचडी कोण वाढील?"

"वाढील कुणीबी. पोरं काही उपाशी नाई राहायची. मला हे रिकामं बघायचंय."

मुंजाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत त्यांनी सगळ्या अटी लिहून काढल्या होत्या. वहिनी स्वतःच्या तोंडाने येते म्हणतील, ही शक्यता त्यांनी कुठेच धरली नव्हती. ते घाईघाईने खुर्ची उचलून आजींच्या टपरीवर ठेवायला गेले आणि तिथे उगाचच बराच वेळ थांबले.

परतीच्या वाटेवर दोघं मागे बसले होते. मी पुढे एकटा. देहूफाट्याच्या आसपास वहिनी म्हणाल्या, "त्या झाडाखाली सावली किती वाजेपर्यंत असती हो?"

मी आरशात बघितलं. मुंजाभाऊ खिडकीबाहेर तोंड करून बसले होते आणि त्यांचा हात वहिनींच्या डाव्या गुडघ्यावर होता. एवढं सगळं त्यांनी तपासून ठेवलं होतं, पण ते त्यांना विचारलं कुणीच नव्हतं.

मग त्यांनी तोंड आत वळवलं. "अकरापर्यंत बाकाच्या या अंगाला असती," ते म्हणाले. "मग सरकती. दीडला पार पाण्यापर्यंत जाती. त्या वेळी तिथं बगळे येतात..."

ते बोलत राहिले. मोशी जवळ आली होती, म्हणून मी गाडी हळू केली.